खालच्या दोन टाचण्या

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. फळी म्हटल्यावर स्वयंपाकघरातली डब्यांची फळी तुमच्या डोळ्यांसमोर आली असेल, तर तिला तिथेच राहू द्या. तिची आणि माझी सोयरीक नाही. ती आडवी, मी उभी. तिच्यावर पिठाचे डबे बसतात, माझ्यावर माणसं. शाळेतला फळा माझा लांबचा नातलग लागतो खरा, पण त्याच्यावर सकाळी लिहिलेलं दुपारी पुसून जातं. माझ्यावर टोचलेलं कधी बुजत नाही. जवळ येऊन बघा, अंगभर भोकं आहेत. कुणी त्यांना भोकं म्हणो, मी दागिने म्हणते.

मला लिहिता-वाचता येत नाही. माझ्यावर अक्षरं कधी आलीच नाहीत, आले ते काळे-पांढरे फोटो. पण फोटोवाल्याच्या तोंडावर लोक काय बोलतात आणि त्याची पाठ फिरल्यावर काय बोलतात, हे दोन्ही मी ऐकलं आहे. तेवढ्यावर बरंच शहाणपण येतं.

माझा जन्म सुताराच्या दुकानातला. मी कपाटाचं दार व्हायची होते. रंधा मारता मारता सुताराला माझ्या उजव्या अंगात एक गाठ लागली. "गाठ आहे हिच्यात, दाराच्या कामाची नाही," असं म्हणून त्याने मला भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्याबद्दल कुणी काढलेला तो पहिला शब्द. खोटा नव्हता. पण त्या एका शब्दावर मी कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट मोजत बसले. मित्रांनो, नाव ठेवायला एक वाक्य पुरतं. उपयोग शोधायला माणूस लागतो.

तो माणूस म्हणजे एक तरुण बाई निघाली. तिने नुकताच फोटोचा स्टुडिओ काढला होता. ती दुकानात आली, माझ्यासमोर उभी राहिली, पिशवीतून टाचणी काढली आणि कुणाला न विचारता माझ्यात खुपसली. टाचणी सहज आत गेली आणि सहज बाहेर आली.

"मऊ आहे," ती म्हणाली.

"गाठ आहे बाई तिच्यात. मागाहून म्हणाल सांगितलं नाही."

"गाठ कुणात नसते? तेवढी जागा सोडून टोचेन."

अशी मी तिच्या घरी आले. तिने मला रंग दिला तोही राखाडी. मी आपली निळ्या रंगाची आस लावून बसले होते. पण तिला विचार होता. काळ्या पाटीवर फोटो ठेवला की तो आहे त्याहून उजळ दिसतो, पांढऱ्यावर ठेवला की आहे त्याहून काळवंडतो. राखाडी रंग कुणाची बाजू घेत नाही. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, मागच्या खोलीत लाल दिव्याची डार्करूम आणि मधल्या खोलीत भिंतीवर मी. माझ्या डोक्यावर एक साधा बल्ब, घरोघरी असतो तसला. जास्त उजेडाचा का लावत नाही असं कुणी विचारलं की ती म्हणे, "फोटो लोकांच्या घरात लागणार आहेत, सूर्यावर नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते तिच्याच अंगावर आलं.

दर रविवारी दुपारी माझ्यासमोर बैठक भरायची. ज्यांना ज्यांना काळ्या-पांढऱ्या फोटोंचं वेड होतं ती माणसं स्वतः धुतलेले फोटो घेऊन यायची. माणसं येत-जात राहिली, तीन मात्र चिकटून राहिली. एक शिंपी, एक गणिताचे मास्तर आणि इस्पितळातल्या एक सिस्टर. फोटो लावायची रीत ठरलेली होती. पांढऱ्या कडेत, वरच्या दोन कोपऱ्यांत दोन टाचण्या. ज्याचा फोटो, त्याने हात मागे बांधून उभं राहायचं आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. बोलणाऱ्याने आधी काय दिसतं ते सांगायचं, काय वाटतं ते नंतर. ओल्या फोटोवर कुणी बोलायचं नाही, कारण ओला फोटो लबाड असतो. पाण्यात तकतकीत दिसतो आणि वाळला की उतरतो. आणि 'छान' म्हणायला बंदी. 'छान' म्हणेल त्याने सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे.

"छान म्हणजे काय?" ती विचारायची. "छान म्हणजे मला घरी जायचंय."

सगळं बोलून झालं आणि फोटो तिला पटला, तर ती पुढे व्हायची आणि खालच्या दोन कोपऱ्यांत दोन टाचण्या लावायची. शाबासकी नाही, टाळ्या नाहीत. खालच्या दोन टाचण्या. नाही पटला तर फोटो खालून वळत वळत वाळक्या पानासारखा वर गुंडाळायचा, आणि ज्याचा त्याला तो मुकाट्याने काढून न्यावा लागायचा. त्या दोन टाचण्यांसाठी मी मोठमोठी माणसं ओठ चावताना पाहिली आहेत.

तिची जीभ टाचणीपेक्षा बारीक होती. शिंप्याने बायकोचा हात मशीनवर काम करताना टिपला, तर म्हणाली, "मला एक मुळा दिसतो. मुळ्याला बांगडी कुणी घातली?" मास्तरांनी देवडीत बसलेल्या म्हाताऱ्याचा फोटो आणला, तर म्हणाली, "म्हातारा बरा आहे. पण मागे ही बादली कोण? पाहुणी आली आहे का?" मास्तर आठवडाभर चिडून होते. पुढच्या रविवारी तोच म्हातारा बादलीशिवाय आला आणि चार टाचण्यांवर बसला. जाताना मास्तर माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "बाईचं बरोबर होतं." तिला नाही म्हणाले, मला म्हणाले. माणसं अशीच असतात.

मग तिची भाची आली. तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी. थोरली गेली तेव्हा पोर लहान होती, आणि हिनेच तिला सांभाळलं. ही तिची मावशी, ती हळूहळू सगळ्यांचीच मावशी झाली. 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण ज्याने केली, त्याला मावशीसमोर फोटो टोचायची वेळ आली नसणार. भाचीने पहिला फोटो धुतला तेव्हा लाल दिव्याखाली तो तिला पुरेसा काळा वाटला आणि तिने तो घाईने रसायनातून काढून घेतला. नवशिक्यांना लाल दिवा नेहमीच फसवतो. माझ्यावर आल्यावर तो फोटो पांढराफटक.

"हिला ताप आलाय का?" मावशी म्हणाली.

पोरगी डोळे पुसत मागे गेली. मावशीने तिला हाक मारली नाही. पण मला दिसलं, ती डार्करूमच्या दारापाशी कान देऊन उभी राहिली, आणि आत परत पाण्याचा आवाज यायला लागल्यावरच तिथून हलली. भाचीला पहिल्यांदा खालच्या टाचण्या मिळायला दोन उन्हाळे लागले. त्या दिवशी ती चालत नव्हती, तरंगत होती.

मित्रांनो, पुढे काळ बदलला. लोकांच्या खिशात फोन आले. फोटो काढायचा, बघायचा आणि विसरायचा, सगळं एका अंगठ्यात. रविवारची माणसं गळत गेली. आठवडेच्या आठवडे माझ्यावर एकही टाचणी लागायची नाही. एका कोळ्याने माझ्या डाव्या कोपऱ्यात संसार थाटला आणि मीही त्याला बोलले नाही. रिकाम्या घरात कुणीतरी असलेलं बरं. तरी शिंपी, मास्तर आणि सिस्टर येत राहिले, म्हणून मी लाकूड झाले नाही, फळी राहिले.

अशात एक दिवस शहरातल्या मोठ्या दालनातून माणूस आला. मावशीच्या जन्मभराच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं होतं. मावशी त्याला म्हणाली, "उशीरच केलात." पण तो गेल्यावर तिने माझ्यावरचा कोळी झाडला, माझं अंग पुसलं आणि म्हणाली, "चल म्हातारे, काम आलंय." जुन्या निगेटिव्ह काढून प्रत्येक फोटो नव्याने धुवायचा, तोही स्वतःच्या हाताने, असा तिचा हट्ट. भाचीने नुसते ट्रे धुवायचे.

आणि तिथेच मला पहिल्यांदा कळलं.

माझी गाठ कुठे आहे हे मावशीला माझ्याइतकंच पाठ होतं. इतक्या वर्षांत तिने तिथे एकदाही टाचणी लावली नव्हती. त्या रविवारी तिने नेमकी गाठीवर टाचणी दाबली. टाचणी वाकली. ती म्हणाली, "टाचण्या पण हल्ली कसल्या मिळतात." दुसरी घेतली, तीही गाठीवर. मग बोटाने चाचपून बाजूला लावली. भाचीने ते पाहिलं. आमची नजरानजर झाली असं मी म्हणेन, फळीला नजर असती तर.

मग मावशीचं बोलणंही घसरायला लागलं. शिंप्याच्या एका चांगल्या, भरदार काळ्या फोटोला ती म्हणाली, "काळा कुठे आहे यात? राखेचा फोटो काढलास का?" शिंपी गोंधळून फोटोकडे बघत राहिला. फोटोतली छत्री डांबरासारखी काळी होती. ते सगळ्यांना दिसत होतं, मावशीला सोडून. ती जवळ आली, इतकी जवळ की तिचं नाक मला लागलं. तिच्या डोळ्यांवर सायीसारखं काहीतरी होतं.

ती आत गेल्यावर कुजबूज झाली.

"मोतीबिंदू आहे," सिस्टर म्हणाल्या. "वॉर्डात रोज बघते मी. काळं राखाडी दिसतं, उजेड फाकतो. साधं ऑपरेशन आहे, पण आधी तिने म्हणायला पाहिजे ना की दिसत नाही."

"सांगणार कोण?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही वयाने मोठे."

"मी बादलीवाला माणूस. माझं कोण ऐकतंय?"

शिंपी म्हणाला, "मी तर बुवा नाही. माझ्या जिभेला माप घेता येतं, कापता येत नाही."

भाची म्हणाली, "मी सांगते." सगळ्यांनी तिला गप्प केलं. प्रदर्शन तोंडावर आलंय, आता सांगितलं तर ती मोडून पडेल, उरकू दे, मग बघू. मोठी माणसं घाबरली की त्याला समंजसपणा म्हणतात. आणि मग त्यांनी असं काही केलं, जे फक्त तिच्यावर जीव असलेली माणसंच करू शकतात. काळ्या कापडावर काळा दोरा घालताना शिंपी एक भारी उजेडाचा बल्ब लावायचा. तो त्याने दुकानातून आणला आणि मावशी डार्करूममध्ये असताना माझ्या डोक्यावर लावला. जुना बल्ब माझ्याखालच्या टाचण्यांच्या खणात अगदी मागे लपवला. उजेड वाढला की मावशीला नीट दिसेल, असा त्यांचा हिशेब. मास्तर गणिताचे, तरी तेही मान डोलावत होते.

माझं अंग तापलं, पण ओरडणार कशी? मावशी बाहेर आली, डोळे मिचकावले आणि म्हणाली, "आज बरं दिसतंय." सगळ्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मलाच वाईट वाटलं.

कारण भारी उजेडात फोटो आहे त्याहून उजळ दिसतो. मावशी आधीच काळा शोधत होती, आता तिला तो आणखीच सापडेना. "फिका आहे," ती म्हणायची आणि आत जाऊन आणखी काळा धुवायची. परत बाहेर, परत फिका, परत आत. एकेक करून तिच्या जन्माचे फोटो माझ्यावर येत होते आणि कोळशासारखे होऊन जात होते. नदीवरचं धुकं गेलं. म्हाताऱ्याच्या सुरकुत्या गेल्या. जिन्यावर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांतला उजेड गेला, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे राहिले. आणि ती समाधानाने एकेकाला खालच्या टाचण्या लावत होती. पूर्वी त्या टाचण्या लागल्या की मला माळ घातल्यासारखं वाटायचं. आता खिळे ठोकल्यासारखं वाटायला लागलं.

एकदा दुपारी भाचीने त्यातला एक फोटो माझ्यावरून काढला आणि पुढच्या दारात नेऊन दिवसाच्या साध्या उजेडात धरला. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिने फोटो गुपचूप जागेवर लावला.

प्रदर्शनाआधीचा शेवटचा रविवार आला. दुसऱ्या दिवशी सगळे फोटो चौकटीत बसवायला जायचे होते. एकच राहिला होता, मावशीचा सगळ्यांत गाजलेला. तिची थोरली बहीण, म्हणजे भाचीची आई, न्हाऊन खिडकीत केस पुसत उभी आहे. त्या फोटोत ओल्या केसांतला एकेक केस वेगळा दिसायचा. लोक तो बघायला लांबून यायचे. भाचीला आई आठवत नव्हती. तिला हे केस आठवत होते.

मावशीने फोटो आणला, दोन टाचण्यांवर लावला, हात मागे बांधले आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. आपल्या फोटोलाही तोच नियम, हा तिचा ताठा होता. "बोला," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यावर केस नव्हते. खिडकी होती, खांदा होता, आणि डोक्याच्या जागी एक काळा गोळा होता.

मास्तरांनी घसा साफ केला. "या फोटोत मला... काळाचा एक प्रवाह दिसतो," ते म्हणाले आणि पुढे बराच वेळ बोलले. त्यात फोटो कुठेच नव्हता. सिस्टर म्हणाल्या, "खिडकी आहे. खिडकी स्वच्छ आहे." मग शिंप्याची पाळी आली. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "छान आहे, मावशी."

इतक्या वर्षांत शिंप्याच्या तोंडून तो शब्द आला नव्हता.

"आज सगळ्यांना कप धुवायची हौस दिसते," मावशी सावकाश म्हणाली. तिची पाठ ताठ झाली होती. "काय झालंय?"

शिंपी मास्तरांकडे बघायला लागला. मग भाची पुढे आली.

"मावशी, हात मागेच ठेव. सगळ्यांचं झालं नाही अजून. मला एक बाई दिसते. खिडकी दिसते. टॉवेलची कड दिसते. केस दिसत नाहीत."

मावशीने तोंड उघडलं.

"बोलायचं नाही," भाची म्हणाली. "कान दिसत नाही. मानेवरचा थेंब दिसत नाही. डोक्याच्या जागी काळा डाग दिसतो. हे दिसतं ते. आता वाटतं ते सांगते. तू फोटो बघत नाहीयेस, मावशी. तू आईला बघतेयस. ती तुला पाठ आहे. पण बाकीच्यांना कागदावरचीच बघायची आहे, आणि कागदावर ती नाही."

"या उजेडात मला एकेक केस..." मावशी नियम मोडून बोलली. मोडायची तिची ती पहिली वेळ.

भाचीने स्टूल ओढलं. फडक्याने तापलेला बल्ब काढला. क्षणभर सगळं अंधारलं. मग तिने खणातून जुना बल्ब काढून लावला. साधा, घरोघरी असतो तसला.

मावशी पुढे आली. तिने नाक माझ्याजवळ आणलं, मग मागे गेली, मग परत जवळ आली. तिने बोटाने फोटोवर केसांची जागा शोधली. जिथे कान असायला हवा तिथे बोट थांबलं.

"बल्ब कुणी बदलला होता?"

"माझा आहे, मावशी," शिंपी म्हणाला. "तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

"फोटोला नावं ठेवली असतीत तर मी उद्या नवा धुतला असता," ती म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "माझ्या फोटोला मुळा म्हणायचं होतंत, बादली म्हणायचं होतंत. माझ्याकडूनच शिकलात ना? तुम्ही माझी कीव केलीत. जा आता घरी."

माणसं गेली. चहा तसाच राहिला. मावशीने माझ्यावरचे सगळे फोटो काढले, खालच्या टाचण्यांसकट. शेवटी थोरलीचा काढला आणि आत जाऊन दार लावलं. मित्रांनो, रिकामी मी पूर्वीही राहिले होते, पण तसली रिकामी कधीच नाही. भाची माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली होती. तिला वाटत होतं प्रदर्शन मोडलं आणि ते आपण मोडलं. मला बोलता आलं असतं तर सांगितलं असतं, पोरी, टाचणी टोचल्याशिवाय फोटो उभा राहत नाही. पण मला नुसतं ऐकता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी बाहेर आली. केस विंचरलेले, चेहरा दगडाचा. दालनाला तिने निरोप पाठवला की चौकटीवाल्याला थांबवा, फोटो थोडे उशिरा येतील. मग भाचीला म्हणाली, "आत जा. तू धू. मी इथे बसते."

"आणि बघणार कोण?"

"तू. मला सांगायचं. बोलायला तर चांगली शिकलीस."

ती माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसली. भाची फोटो धुवायची, वाळवायची, दोन टाचण्यांवर लावायची आणि काय दिसतं ते सांगायची. मावशी डोळे मिटून ऐकायची.

"केस दिसतात?"

"दिसतात."

"कसे? ओले की वाळलेले?"

"काळे."

"काळे तर कावळेही असतात. ओले असतील तर त्यांच्यावर उजेडाच्या रेघा असतील. आहेत?"

"डाव्या बाजूला दोन आहेत. कानामागे नाहीत."

"कानामागे असायला हव्यात. खिडकी त्या बाजूला आहे. परत धू."

परत पाण्याचा आवाज. परत भाची. "कानामागे एक आली."

"मानेवरचा थेंब?"

"आहे. पण विरघळल्यासारखा."

"विरघळलेला थेंब म्हणजे घाम. माझी बहीण न्हाली होती, धावली नव्हती. परत."

असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. भाची वैतागली, एकदा ट्रे आपटला, एकदा रडलीसुद्धा. मावशी हलली नाही. पण मला एक कळत होतं. पोरगी आता 'काळा' म्हणून थांबत नव्हती. किती काळा, कुठला काळा, कोळशाचा की बुबुळाचा, हे तिला सांगता यायला लागलं होतं. आणि सांगता यायला लागलं म्हणून धुताही यायला लागलं. शेवटच्या वेळी काही सांगायच्या ऐवजी ती फोटोवर वाकली.

"काय झालं?" मावशीने विचारलं. "बोल की."

"आईच्या भुवईवर एक बारीक खूण आहे. ही मी कधी बघितली नव्हती."

मावशीने डोळे उघडले. "झोपाळ्यावरून पडली होती. मी ढकललं होतं," ती म्हणाली. मग पुन्हा डोळे मिटून, "असू दे हा."

भाचीने खालच्या दोन टाचण्या तिच्यासमोर धरल्या. मावशीने हात मागे घेतले.

"मला दिसलेलं नाही. न बघता मी कुणाला टाचणी लावलेली नाही, आणि आता तर मुळीच लावणार नाही."

ताठा पाहिलात? मी उगीच नाही तिच्या घरी इतकी वर्षं भिंतीवर राहिले.

त्या फोटोची जोडीची प्रत चौकटीत बसून दालनात गेली. बाकीचे फोटोही भाचीने तसेच सांगून सांगून धुतले. प्रदर्शनात मी नव्हते, मला कोण नेणार? पण लोक थोरलीच्या केसांपुढे रांग लावून उभे होते म्हणे. मावशी कोपऱ्यात बसून होती आणि कुणी "छान" म्हणालं की तोंड वाकडं करत होती. इकडे माझ्यावर मात्र तो फोटो दोनच टाचण्यांवर राहिला. आठवडे गेले तसा तो खालून वळत चालला. आधी टॉवेल दिसेनासा झाला, मग खांदा. भाची येता-जाता त्याच्याकडे बघायची आणि हात लावायची नाही.

सिस्टरांनी शेवटी मावशीला इस्पितळात नेलं. नेलं म्हणजे मावशीच म्हणाली, "चला, बघू तुमचा डॉक्टर कसा फोटो धुतो." डोळ्यावरची पट्टी निघाली त्या रविवारी सगळ्यांना निरोप गेला. शिंपी दारातच घुटमळत होता. "आत ये," मावशी म्हणाली, "बल्ब आणला नाहीस ना?" तेव्हा कुठे तो आत आला.

मावशी माझ्यासमोर आली. पहिल्यांदा तिने मलाच बघितलं. "ही किती कळकट झाली आहे," ती म्हणाली. मित्रांनो, मला राग आला नाही. खरं होतं. आणि तोंडावर म्हणाली होती.

मग तिने वळलेला फोटो तळहाताने हळूच उलगडला आणि धरून ठेवला. भाचीने हात मागे बांधले. मास्तर, शिंपी, सिस्टर, कुणी हलेना. मावशी लांबून बघत होती, नाक न लावता. तिची नजर खिडकीवरून टॉवेलवर आली, मानेवर आली, कानामागे गेली, भुवईवर थांबली.

"खिडकीची चौकट..." मावशी म्हणाली आणि थांबली. मग तिने माझ्याखालच्या खणातून एक टाचणी घेतली आणि डाव्या कोपऱ्यात लावली. दुसरी घेतली आणि उजव्या कोपऱ्यात लावली. गाठ तिथून दोन बोटांवर होती. तिने ती बरोबर चुकवली.

"चौकटीचं काय?" भाचीने विचारलं.

मावशीने खण लावला. "काही नाही," ती म्हणाली. "छान आहे."

कुणाला हसावं की रडावं कळेना. शेवटी शिंपीच म्हणाला, "मावशी, कप मोरीत आहेत."

ती बाह्या सरसावून आत गेली. मग कपांचा आवाज आला, आणि एक फुटल्याचाही.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. तुम्हाला कुणी आपलं काम दाखवायला आणलं, तर 'छान' म्हणून घरी पळू नका. आधी नीट बघा, दिसतं ते सांगा, आणि मग हवं तर टोचा. आणि तुमचं काम कुणी टोचलं तर हात मागे बांधून ऐका. गाठ सोडून टोचणारा माणूस मिळाला तर त्याला जपा, तो सहज मिळत नाही. पण जिच्यावर जीव आहे तिच्या डोक्यावर चोरून भारी बल्ब मात्र कधी लावू नका. त्याने तिला काही दिसत नाही, आणि फळीचं अंग उगीच भाजतं.

आणि हो, माझ्या पाठीमागच्या भिंतीला हल्ली ओल येते आहे. मावशीची नजर आता चांगली आहे, पण तिला माझी फक्त पुढची बाजू दिसते. कुणीतरी तिला सांगा. तोंडावर सांगा.